राज्याचा कारभार आणि प्रादेशिक न्याय : मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेच्या संघराज्यात घटकराज्याचा गव्हर्नर हा जनतेने थेट निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो. भारतीय राज्यघटनेतील राज्यपाल हा मात्र राष्ट्रपतींनी नियुक्त केलेला घटनात्मक प्रमुख होय. त्यामुळे दोन्ही पदांना इंग्रजीत एकच नाव असले, तरी त्यांची तुलना फारशी उपयोगी ठरत नाही. अमेरिकन गव्हर्नराच्या कार्याशी जुळणारे आपल्याकडील पद मुख्यमंत्र्याचे आहे. अर्थसंकल्प मांडणे, खात्यांची रचना करणे, प्रशासनाला दिशा देणे आणि राज्याच्या वेगवेगळ्या भागांत साधनसंपत्ती वाटणे ही कामे तेथे गव्हर्नर करतो, येथे मुख्यमंत्री करतो.

या दृष्टीने मराठवाड्यातून आलेले महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री शंकरराव भाऊराव चव्हाण यांची कारकीर्द अभ्यासनीय ठरते. ते १९७५ ते १९७७ आणि १९८६ ते १९८८ असे दोन वेळा मुख्यमंत्री होते. शिस्तप्रिय प्रशासक, 'हेडमास्तर', पाटबंधाऱ्यांचे जाणकार ही त्यांची ओळख सर्वज्ञात आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा आढावा घेऊन एका प्रश्नाचा विचार केला आहे. राज्यकारभाराची आर्थिक शिस्त आणि मागास प्रदेशाला न्याय ही दोन उद्दिष्टे एकाच मुख्यमंत्र्याला एकाच वेळी साधता येतात काय? या विवेचनासाठी अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीचा तुलनेपुरता आधार घेतला आहे, तर कसोटीसाठी मराठवाड्याच्या पश्चिम सीमेवरील परंडा तालुक्याची स्थिती विचारात घेतली आहे.

अभ्यासाची पार्श्वभूमी

परंडा, भूम, तुळजापूर हा सारा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले. पुढे राज्यपुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले व १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे घटक झाले. तत्पूर्वी २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर करारात मराठवाड्याच्या विकासाकडे विशेष लक्ष देण्याचे अभिवचन देण्यात आले होते. सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये स्वतंत्र विकास मंडळांची तरतूदही झाली. मराठवाड्याने कोणतीही अट न घालता महाराष्ट्रात येणे पसंत केले, अशी या प्रदेशाची भावना आहे. त्यामुळे पुढील काळातील प्रत्येक विकासविषयक वादाला वचनपूर्तीच्या मागणीचा सूर राहिला.

जलसंपत्तीच्या दृष्टीने मराठवाड्याचा बहुतांश भाग गोदावरी खोऱ्यात मोडतो. पश्चिमेकडील परंडा तालुका मात्र सीना नदीच्या खोऱ्यात आहे. सीना ही भीमेची उपनदी आणि भीमा ही कृष्णेची. म्हणजेच परंडा प्रशासकीयदृष्ट्या मराठवाड्यात आणि जलशास्त्रीयदृष्ट्या कृष्णा खोऱ्यात आहे. या दुहेरी स्थितीचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

जडणघडण : लढा, नगरपालिका, मंत्रिपद

शंकरराव चव्हाण यांचा जन्म १४ जुलै १९२० रोजी गोदाकाठच्या पैठण येथे झाला. पदवीचे शिक्षण मद्रास विद्यापीठातून आणि कायद्याचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठातून पूर्ण करून ते वकिलीकडे वळले. परंतु स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील हैदराबाद मुक्तिसंग्रामाने त्यांना सार्वजनिक जीवनात आणले. संस्थानाच्या सीमेबाहेर, तत्कालीन मध्य प्रांतातील उमरखेड येथे चालविल्या गेलेल्या शिबिराच्या कार्यात त्यांचा सहभाग होता. स्वामीजींच्या सहवासातील साधी राहणी आणि कामातील काटेकोरपणा हे संस्कार त्यांनी अखेरपर्यंत जपले.

नांदेड नगरपालिकेचे अध्यक्षपद हा त्यांच्या प्रशासकीय जीवनाचा प्रारंभ होय. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात ते उपमंत्री झाले आणि महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर पाटबंधारे व वीज या खात्यांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. यशवंतराव चव्हाण, मारोतराव कन्नमवार आणि वसंतराव नाईक या मुख्यमंत्र्यांच्या काळात महाराष्ट्राच्या पाटबंधारे धोरणाची पायाभरणी झाली, तिच्याशी शंकररावांचे नाव जोडलेले आहे. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्राच्या पहिल्या सिंचन आयोगाचा अहवालही याच काळातला, १९६२ चा आहे.

येथे एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. मुख्यमंत्रिपदी येण्यापूर्वी शंकररावांनी राज्याचा नकाशा नद्यांच्या खोऱ्यांच्या अंगाने अभ्यासला होता. धरणाची जागा, साठा, लाभक्षेत्र, कालव्याची लांबी आणि पीकरचना या गोष्टी त्यांच्या प्रत्यक्ष अभ्यासाचा भाग होत्या. त्यांच्या पुढील निर्णयांतील ठामपणा आणि काही वेळा जाणवणारा ताठरपणा, या दोहोंचे मूळ या अभ्यासात सापडते.

जायकवाडी : एका प्रकल्पाचे राजकारण

गोदावरीवर मोठे धरण बांधण्याची कल्पना हैदराबाद राज्याच्या काळापासूनची होती. बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ ते उभारण्याचा मूळ विचार होता. प्रत्यक्ष धरण पैठण येथे झाले, तरी नाव जायकवाडीच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लाल बहादूर शास्त्री यांच्या हस्ते या प्रकल्पाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. पायाभरणीच्या दशकात शंकरराव पाटबंधाऱ्यांशी निगडित होते आणि उद्घाटनाच्या दिवशी मुख्यमंत्री होते. नाथसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाची एकूण साठवण क्षमता सुमारे १०३ अब्ज घनफूट असून त्यापैकी सुमारे ७७ अब्ज घनफूट साठा उपयुक्त आहे.

हा प्रकल्प सर्वमान्य नव्हता. वरच्या बाजूच्या नाशिक व अहमदनगर जिल्ह्यांत पूर्वीपासून धरणे आणि ऊस बागायत होती. खालच्या बाजूला एवढा मोठा साठा निर्माण करणे म्हणजे गोदावरीच्या पाण्यावर मराठवाड्याचा हक्क प्रस्थापित करणे होते. पैठणच्या वरच्या बाजूस पसरलेल्या जलाशयात शंभराहून अधिक गावे बाधित झाली. त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले, ही या यशाची दुसरी बाजू दुर्लक्षून चालणार नाही. जायकवाडीबरोबरच पूर्णा, ऊर्ध्व पैनगंगा आणि नांदेडजवळील विष्णुपुरी या प्रकल्पांशीही शंकररावांचा निकटचा संबंध होता. विष्णुपुरीच्या जलाशयाला पुढे शंकरसागर हे नाव देण्यात आले.

वरच्या धरणांनी पाणी अडविले तर खालचा जलाशय कसा भरणार, हा प्रश्न १९६५ मध्ये जितका खरा होता तितकाच तो नंतरही राहिला. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले आणि त्यातूनच टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचे प्रसंग व न्यायालयीन वाद घडले. धरण बांधल्याने पाण्याचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही, त्यासाठी कायद्याचा आधार लागतो, हा धडा जायकवाडीने दिला.

पहिला कार्यकाळ : १९७५ ते १९७७

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याची दुर्बलता उघडी पाडली होती. १९७४ मध्ये विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. या पार्श्वभूमीवर वसंतराव नाईक यांच्या सुमारे सव्वाअकरा वर्षांच्या कारकिर्दीनंतर २१ फेब्रुवारी १९७५ रोजी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. प्रशासनात वेळेचे पालन, नस्त्यांचा वेळेवर निपटारा आणि खर्चावर नियंत्रण यांवर त्यांनी भर दिला. 'हेडमास्तर' हे बिरुद त्यांना यातूनच मिळाले. त्यात कौतुकही होते आणि नाराजीही.

त्यानंतर चारच महिन्यांत देशात आणीबाणी जाहीर झाली. शंकरराव इंदिरा गांधींचे निष्ठावान सहकारी होते व राज्य शासनाने आणीबाणीची अंमलबजावणी निष्ठेने केली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने कुटुंबाचा आकार मर्यादित करण्यासाठी सक्तीच्या निर्बीजीकरणाची तरतूद असणारे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, ही राज्याच्या दृष्टीने सुदैवाची बाब म्हणावी लागेल. प्रशासकीय शिस्तीचा आग्रह लोकशाहीच्या अंकुशाविना कोणत्या टोकाला जाऊ शकतो, याचे हे विधेयक उदाहरण आहे. शंकररावांच्या चरित्राचे मूल्यमापन करताना जायकवाडीच्या उद्घाटनाबरोबर याच वर्षीचे हे विधेयकही नोंदवावे लागते.

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसला महाराष्ट्रातील ४८ पैकी २० जागा मिळाल्या. १७ मे १९७७ रोजी मुख्यमंत्रिपद वसंतदादा पाटील यांच्याकडे गेले. शंकररावांचा पहिला कार्यकाळ सुमारे सत्तावीस महिन्यांचा ठरला. १९७८ मध्ये ते काँग्रेसमधून बाहेर पडून शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात सहभागी झाले. १९८० मध्ये पुन्हा इंदिरा गांधींच्या काँग्रेसमधून नांदेडचे खासदार झाले. त्यानंतर केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण व गृह या खात्यांचा कारभार त्यांनी पाहिला.

दुसरा कार्यकाळ : १९८६ ते १९८८

१२ मार्च १९८६ रोजी शंकरराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले, तेव्हा राज्यापुढे दोन प्रश्न उभे होते. पहिला वाढत्या महसुली खर्चाचा आणि दुसरा प्रादेशिक असमतोलाचा. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये आपला अहवाल दिला होता. राज्याच्या सरासरीच्या तुलनेत विविध जिल्हे कोणत्या क्षेत्रात किती मागे आहेत हे मोजून समितीने सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष निश्चित केला. त्यात सिंचनाचा वाटा सर्वांत मोठा होता. 'अनुशेष' हा शब्द महाराष्ट्राच्या राजकीय भाषेत रुजला तो या अहवालापासून.

पहिल्या प्रश्नाला शंकररावांनी दिलेले उत्तर म्हणजे शून्याधारित अर्थसंकल्प. १९८६-८७ मध्ये महाराष्ट्राने ही पद्धती स्वीकारली. राज्य पातळीवर तिचा अवलंब करण्यात महाराष्ट्र देशात अग्रेसर होता. नेहमीच्या पद्धतीत गतवर्षीचा खर्च गृहीत धरून त्यात काही टक्के वाढ केली जाते. शून्याधारित पद्धतीत प्रत्येक योजनेला दरवर्षी नव्याने आपले समर्थन करावे लागते. योजनेचा हेतू काय, तो अन्य मार्गाने कमी खर्चात साधेल काय, योजना बंद केली तर काय बिघडेल, अशा प्रश्नांची उत्तरे देऊन योजनांचा अग्रक्रम ठरविला जातो. कालबाह्य योजना बंद करणे, सारख्या योजना एकत्र करणे आणि मोकळा झालेला निधी विकासकामांकडे वळविणे हे तिचे उद्दिष्ट होते.

दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात त्यांनी पाण्याच्या वापराकडे लक्ष वेधले. बारमाही उसाला पाणी देण्याऐवजी खरीप व रब्बी या दोन हंगामांसाठी आठमाही पाणीपुरवठा केला तर तेवढ्याच पाण्यात अधिक शेतकऱ्यांचे क्षेत्र भिजते, हा विचार १९७९ च्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात मांडला गेला होता. शंकररावांनी या धोरणाचा आग्रह धरला. साखर कारखानदारीच्या हितसंबंधांना तो मानवणारा नव्हता. महाराष्ट्राच्या सत्ताकारणात सहकारी साखर कारखान्यांचे स्थान लक्षात घेता, कारखानदारीचा पाठिंबा नसलेल्या मुख्यमंत्र्याने असा आग्रह धरणे हे धाडसाचे होते. परंतु कालव्यावरील प्रत्यक्ष पीकरचना बदलण्याइतका अवधी या धोरणाला मिळाला नाही.

डिसेंबर १९८६ मध्ये शरद पवार यांचा समाजवादी काँग्रेस पक्ष औरंगाबाद येथे काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि राज्यातील सत्तेची समीकरणे बदलली. जून १९८८ मध्ये शंकररावांना केंद्रात अर्थमंत्री म्हणून बोलाविण्यात आले व पवार मुख्यमंत्री झाले. दुसरा कार्यकाळही सत्तावीस महिन्यांच्या आसपासच संपला. पुढे १९९१ ते १९९६ या काळात नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात ते गृहमंत्री होते. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेली तेव्हा गृहखाते त्यांच्याकडे होते, त्यामुळे त्या अपयशाची छाया त्यांच्या केंद्रीय कारकिर्दीवर राहिली. २६ फेब्रुवारी २००४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अशोक चव्हाण डिसेंबर २००८ ते नोव्हेंबर २०१० या काळात मुख्यमंत्री होते.

तुलना : जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर

शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धती प्रथम एका अमेरिकन खासगी उद्योगात वापरली गेली. तेथील अधिकारी पीटर पायर यांच्या लेखनावरून ती जॉर्जियाचे गव्हर्नर जिमी कार्टर यांच्यापर्यंत पोहोचली. १९७३ या वित्तीय वर्षासाठी जॉर्जिया राज्याने ती स्वीकारली. कार्टर यांचे घराणे महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर यांनी १९६६ ते १९६८ या काळात मुंबईतील विक्रोळी येथे परिचारिका म्हणून पीस कोअरतर्फे सेवा केली होती.

कार्टर आणि चव्हाण यांच्यात काही साम्ये सहज दिसतात. दोघेही ग्रामीण भागाशी जोडलेले होते, आकडेवारी स्वतः तपासणारे होते आणि कारभार नीटनेटका असावा असा दोघांचाही आग्रह होता. कार्टर यांनी राज्यातील सुमारे तीनशे यंत्रणांची पुनर्रचना करून त्या २२ विभागांत आणल्या. १९७३ मध्ये फ्लिंट नदीवरील स्प्रुएल ब्लफ या नियोजित धरणाची लाभ-खर्चाची गणिते त्यांनी स्वतः तपासली, त्यात लाभ फुगवून दाखविले आहेत असा निष्कर्ष काढला आणि धरणाला नकार दिला. या गव्हर्नराने धरण थांबविले आणि आपल्या मुख्यमंत्र्याने धरणे बांधली, हा वरकरणी विरोधाभास वाटेल. वस्तुतः दोघांची रीत एकच होती. आकडे तपासावे आणि त्यावरून निर्णय घ्यावा. भूमी भिन्न होती. जॉर्जियातील त्या नदीखोऱ्यात प्रश्न वाहत्या नदीच्या संरक्षणाचा होता, मराठवाड्यात प्रश्न पिण्याच्या आणि पिकाच्या पाण्याचा होता.

महत्त्वाचा भेद पदाच्या स्वरूपात आहे. जॉर्जियाच्या तत्कालीन घटनेनुसार गव्हर्नराला लागोपाठ दुसरा कार्यकाळ मिळत नसे. परंतु मिळालेली चार वर्षे निश्चित असत. १९७१ ते १९७५ या काळात कार्टर यांना कोणी पदावरून हलवू शकत नव्हते. त्यामुळे नवी अर्थसंकल्पीय पद्धती त्यांना कार्यकाळ संपेपर्यंत सलग राबविता आली. शंकररावांच्या दोन्ही कार्यकाळांची बेरीज साडेचार वर्षांच्या घरात जाते, म्हणजे कार्टर यांच्यापेक्षा थोडी अधिकच. तरीही तो काळ दोन तुकड्यांत विभागला गेला, त्यामध्ये जवळपास नऊ वर्षांचे अंतर पडले आणि दोन्ही वेळा पदत्यागाचे कारण विधानसभा निवडणुकीतील कौल नव्हता. राज्यकारभारातील सुधारणेला सातत्य लागते. मुख्यमंत्र्याची मुदत पक्षश्रेष्ठींच्या निर्णयावर अवलंबून असेल तर अशी सुधारणा व्यक्तीबरोबर येते आणि व्यक्तीबरोबर जाते. महाराष्ट्रातील शून्याधारित अर्थसंकल्प कालांतराने मागे पडला, त्याचे एक कारण येथे शोधता येईल. मात्र मुदतीची हमी म्हणजे यशाची हमी नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी ही पद्धती संघराज्याच्या पातळीवर आणली, ती १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने सोडून दिली. कागदपत्रांचा भार वाढतो आणि प्रत्यक्ष वाटपात फरक थोडा पडतो, ही टीका अमेरिकेतही झाली.

शून्य आणि अनुशेष

शंकररावांच्या दुसऱ्या कार्यकाळातील दोन प्रमुख कल्पना परस्परांशेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे त्यांच्यातील ताण लक्षात येतो. शून्याधारित अर्थसंकल्प गतकाळ बाजूला ठेवण्यास सांगतो. मागील वर्षी खर्च झाला म्हणून यंदा करावयाचा नाही, प्रत्येक मागणी आजच्या गुणवत्तेवर तपासावयाची. अनुशेषाची कल्पना नेमकी उलट आहे. ती गतकाळ लक्षात ठेवण्यास सांगते. मागील तीस वर्षांत या जिल्ह्यावर खर्च झाला नाही, म्हणून आज त्याला अधिक द्यावयाचे. पहिली कल्पना कार्यक्षमतेची आहे, दुसरी न्यायाची.

मागास भागातील योजना केवळ लाभ-खर्चाच्या तराजूत तोलली तर ती बहुधा खालच्या क्रमांकावर जाते. पाऊस कमी, साठ्याची शाश्वती कमी, पाणी उचलून आणण्याचा खर्च अधिक. याच कारणाने नियोजन आयोगाने अवर्षणप्रवण क्षेत्रातील सिंचन प्रकल्पांसाठी लाभ-खर्चाच्या गुणोत्तराची अट दीडवरून एकपर्यंत शिथिल केली होती. म्हणजेच न्यायासाठी कार्यक्षमतेच्या मोजपट्टीत बदल करावा लागतो, हे देशपातळीवर मान्य झाले होते. शंकररावांना या दोन्ही कल्पना एकाच वेळी चालवावयाच्या होत्या. त्यांची भूमिका अशी समजून घेता येते की, अनावश्यक खर्च कापल्याशिवाय अनुशेषासाठी निधी उभा राहणार नाही. तात्त्विकदृष्ट्या ही भूमिका सुसंगत आहे. परंतु कापलेला पैसा मागास जिल्ह्याकडेच जाईल याची हमी देणारी कायदेशीर व्यवस्था त्या वेळी अस्तित्वात नव्हती.

ही व्यवस्था पुढे आली ती राज्यपालांच्या माध्यमातून. अनुच्छेद ३७१ (२) नुसार राष्ट्रपतींच्या १९९४ च्या आदेशाने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली आणि निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर आली. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी डिसेंबर २००१ मध्ये सिंचन अनुशेषाच्या संदर्भात शासनाला निदेश दिले. एरवी नामधारी मानल्या जाणाऱ्या राज्यपालपदाला महाराष्ट्रात वाटपाच्या प्रश्नापुरता प्रत्यक्ष अधिकार मिळाला, ही भारतीय संघराज्यातील लक्षणीय घटना होय. मुख्यमंत्र्याच्या इच्छेवर सोपविलेला न्याय घटनात्मक पदाकडे वर्ग करण्याचा तो प्रयत्न होता. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

परंड्याची कसोटी

शंकररावांच्या कार्याचा लाभ मराठवाड्याला झाला हे निर्विवाद आहे. परंतु मराठवाडा म्हणजे एकजिनसी प्रदेश नव्हे. जायकवाडीचे कालवे गोदावरीच्या दोन्ही तीरांवरील जिल्ह्यांत फिरले. कृष्णा खोऱ्यात असलेल्या परंड्यापर्यंत ते भौगोलिकदृष्ट्या पोहोचू शकत नव्हते. परंड्यापासून फार दूर नसलेल्या भीमेवर उजनीचे प्रचंड धरण उभे राहिले, पण त्याचे लाभक्षेत्र मुख्यतः सोलापूर जिल्ह्यात ठरले. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातील महाराष्ट्राचा वाटा ५६० अब्ज घनफूट ठरविला. त्या वाट्याचे राज्यांतर्गत वाटप करताना कृष्णा खोऱ्यातील मराठवाड्याचा विचार उशिरा झाला.

तालुक्याच्या वाट्याला खासापुरी आणि चांदणी यांसारखे मध्यम प्रकल्प आले. पुढे सीना नदीवर सीना-कोळेगाव धरण झाले. परंतु साठा निर्माण करणे आणि तो भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीनेच्या खोऱ्यातील अनिश्चित पावसामुळे कोरड्या वर्षांत हे जलाशय तळ गाठतात. म्हणून उजनीच्या जलाशयातून बोगद्याद्वारे पाणी आणून सीना-कोळेगावमार्गे धाराशिव जिल्ह्याला देण्याची कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना पुढे आली. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्यासाठी २३.६६ अब्ज घनफूट पाण्याची तिची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात मोठ्या विलंबाने आणि टप्प्याटप्प्याने, आरंभी सात अब्ज घनफूट पाण्याच्या मर्यादेत, ती हाती घेण्यात आली.

ही योजना वर वर्णिलेल्या ताणाचे मूर्तिमंत उदाहरण आहे. शून्यापासून आरंभ करून केवळ आजच्या लाभ-खर्चाचा विचार केला तर बोगदे, पंप आणि वीज यांचा खर्च तिच्या विरोधात जातो. अनुशेषाच्या दृष्टीने पाहिले तर १९५६ पासूनच्या उपेक्षेची ती भरपाई ठरते. शंकररावांच्या काळात मराठवाड्याचा विचार प्रामुख्याने गोदावरीचा विचार होता. जिल्हा किंवा विभाग हा घटक धरून मोजलेला अनुशेष तालुक्याची स्थिती झाकतो, हे परंड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दांडेकर समितीने जिल्हा हा घटक मानला होता. पुढे २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या विजय केळकर समितीच्या निमित्ताने तालुका हा घटक मानण्याची चर्चा झाली, ती यासाठीच महत्त्वाची ठरते.

निष्कर्ष

१. शंकरराव चव्हाण यांची कारकीर्द ही पाटबंधारे खात्यातील अभ्यासातून घडलेल्या प्रशासकाची कारकीर्द आहे. जायकवाडीसारखा प्रकल्प पायाभरणीपासून उद्घाटनापर्यंत नेण्यात राजकीय इच्छाशक्तीइतकाच या अभ्यासाचा वाटा होता.

२. शिस्त हे त्यांच्या कारभाराचे बलस्थान होते. आणीबाणीच्या काळात मात्र लोकशाहीचा अंकुश सैल झाल्याने शिस्तीचे रूपांतर सक्तीत होण्याचा धोका दिसून आला.

३. जॉर्जियाच्या गव्हर्नराशी तुलना केली असता, निश्चित मुदत नसणे ही मुख्यमंत्रिपदाची मोठी मर्यादा ठरते. सत्तावीस महिन्यांच्या दोन कार्यकाळांत शून्याधारित अर्थसंकल्प आणि आठमाही पाणी ही दोन्ही धोरणे आरंभिली वा पुढे रेटली गेली, ती मुरली नाहीत.

४. आर्थिक शिस्त आणि प्रादेशिक न्याय ही उद्दिष्टे परस्परविरोधी नसली, तरी ती आपोआप एकत्र नांदत नाहीत. वाचविलेला निधी मागास भागाकडे वळविणारा कायदेशीर दुवा आवश्यक असतो. १९९४ ते २०२० या काळातील विकास मंडळे हा त्या दुव्याचा एक प्रयत्न होता.

५. न्यायाचे मोजमाप विभाग वा जिल्हा या पातळीवर थांबल्यास परंड्यासारखे सीमेवरील, दुसऱ्या खोऱ्यात मोडणारे तालुके हिशेबातून निसटतात. सिंचनाचा अनुशेष मोजताना खोरे आणि तालुका हे दोन्ही घटक एकत्र विचारात घेणे अगत्याचे आहे.

शंकररावांनी खर्चाचा जाब विचारण्याची आणि पाण्याच्या वाट्याचा हिशेब मांडण्याची सवय राज्यकारभाराला लावण्याचा प्रयत्न केला. सीना खोऱ्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो हिशेब अजून पूर्ण व्हावयाचा आहे.